रिकॉम्बिनंट पार्प-१ वर संयुगं तपासण्याआधी नळीतलं प्रथिन तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी वनस्पतींमधून वेगळी केलेली शुद्ध संयुगं मानवी पार्प-१ या केंद्रकातल्या प्रथिनाला (तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत भाग घेणारं एन्झाइम) रोखतात का ते तपासते आहे. प्रथिन रिकॉम्बिनंट, म्हणजे दुसऱ्या पेशींत मानवी जीन घालून बनवलेलं, आणि विकत घेतलेलं. पहिल्या लॉटवर जे संयुग दमदार वाटलं ते दुसऱ्या लॉटवर निम्म्यानेही चाललं नाही. महिन्याभरात एन्झाइमची ॲक्टिव्हिटीही उतरली. तिला चार गोष्टी हव्या आहेत: पूर्ण लांबीचं प्रथिन घ्यावं की फक्त कॅटॅलिटिक डोमेन (रासायनिक काम करणारा तुकडा), ई. कोलाय या जिवाणूमधलं घ्यावं की कीटकपेशींमधलं, आकडे असे का हलतात, आणि हेच प्रथिन सरळ कर्करोगाच्या पेशींवर टाकून परिणाम बघता येईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नाही. ११३ किलोडाल्टनचं प्रथिन माध्यमात ओतलं म्हणून पेशीच्या आवरणातून आत जात नाही, केंद्रकात पोचणं तर दूरच. वर ते ई. कोलायमध्ये बनवलेलं असेल तर सोबत एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या आवरणातलं विष) येतं आणि पेशी त्यालाच प्रतिसाद देतात. बाटलीवर ‘फक्त संशोधनासाठी’ असं लिहिलेलं असतं, ते या अर्थानेही घ्या. हे प्रथिन नळीत आणि प्लेटमध्ये वापरायचं साधन आहे. पेशींचं काम वेगळं, त्याकडे शेवटी येतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही आयसी-५०, म्हणजे एन्झाइमचा वेग निम्म्यावर आणणारी संयुगाची मात्रा, हा संयुगाचा गुणधर्म समजून चालला आहात. तो आकडा संयुगाचा एकट्याचा कधीच नसतो. वेलमध्ये (प्लेटच्या एका खळग्यात) एन्झाइम किती आणि त्यातलं जिवंत, म्हणजे काम करणारं, किती, डीएनए कुठला, एनएडी (पार्पचा कच्चा माल) किती आणि किती ताजं, आणि शेवटी सिग्नल कशाने मोजला, या सगळ्यांचा मिळून तो आकडा येतो. पार्प-१ च्या बाबतीत हे इतर एन्झाइमांपेक्षा जास्त जाणवतं. का ते समजायला हे प्रथिन काम कसं करतं ते डोळ्यांसमोर पाहिजे.

पार्प-१ मध्ये १०१४ अमिनो आम्लं आहेत. सुरुवातीच्या टोकाला तीन झिंक फिंगर, म्हणजे झिंकभोवती घडी पडलेले छोटे भाग. त्यातले पहिले दोन डीएनएची तुटलेली जागा ओळखून पकडतात, तिसरा डोमेनांना एकमेकांशी जोडून धरतो. मग बीआरसीटी असलेला भाग, जिथे हे प्रथिन स्वतःवरच एडीपी-रायबोजच्या साखळ्या चढवतं. त्यापुढे डब्ल्यूजीआर, आणि शेवटी कॅटॅलिटिक डोमेन. या शेवटच्या डोमेनमध्येही दोन भाग आहेत: प्रत्यक्ष रासायनिक काम करणारा एआरटी आणि त्याच्यासमोर आडवा बसलेला हेलिकल भाग. डीएनए तुटलेला नसतो तेव्हा हा हेलिकल भाग एनएडीला आत येऊ देत नाही. झिंक फिंगरांनी तुटका डीएनए पकडला की डोमेन एकमेकांवर रचले जातात, हेलिकल भागाची घडी सैल पडते आणि एनएडीची वाट मोकळी होते. ॲक्टिव्हिटी शेकडो पटींनी वाढते. मग एनएडीमधून निकोटिनामाइड बाहेर पडतं आणि एडीपी-रायबोजचे मणके एकाला एक जोडले जातात, कधी कधी दोनशेपर्यंत. प्रत्येक मणक्यावर दोन ऋण प्रभार. स्वतःवरच इतका ऋण प्रभार चढला की ऋण प्रभाराचाच डीएनए त्याला धरून ठेवू शकत नाही आणि प्रथिन सुटतं.

जाता जाता सांगतो: हे एन्झाइम १९६३ मध्ये स्ट्रासबुर्गला शाँबाँ, वेल आणि मांडेल यांना कोंबडीच्या यकृताच्या केंद्रकांत सापडलं आणि तेव्हा त्यांना ते पॉली-ए (नुसत्या ॲडेनिनची न्यूक्लिक आम्लाची साखळी) बनवणारं वाटलं होतं. मात्र ते डीएनए असल्याशिवाय चालत नाही हे त्यांनी त्याच वेळी नोंदवलं होतं. साठ वर्षांनंतरही लोक नेमकी तीच गोष्ट विसरून प्लेट लावतात.

म्हणजे बघा, तुमच्या प्लेटमध्ये संयुगाने सिग्नल कमी केला तर त्याने नक्की काय केलं? एनएडीच्या खोबणीत जाऊन बसलं? डीएनएमध्ये घुसून झिंक फिंगरची जागा बिघडवली? झिंकच ओढून काढलं? प्रथिनाचा गोळा केला? की पार्पला हातही न लावता रंग देणारी शेवटची पायरी मारली? पाचही वेळा आलेख अगदी सारखा दिसतो, छान एस आकाराचा.

कुठलं प्रथिन घ्यावं

संयुगं गाळायची असतील तर मुख्य काम पूर्ण लांबीच्या प्रथिनावर करा आणि कॅटॅलिटिक डोमेन जोडीला ठेवा. कॅटॅलिटिक डोमेन म्हणजे साधारण ६६० च्या पुढचा तुकडा, ४० किलोडाल्टनच्या आसपास. ते बनवायला सोपं, साठवायला सोपं, स्फटिकही चांगले देतं. पण एकटं असताना त्याची ॲक्टिव्हिटी फारच कमी असते, कारण आडवा बसलेला हेलिकल भाग हटवायला डीएनएला धरणारी टोकंच तिथे नसतात. त्याचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. थर्मल शिफ्टमध्ये, म्हणजे रंगद्रव्य घालून प्रथिन हळूहळू तापवत त्याची घडी कुठल्या तापमानाला उलगडते ते बघताना, ओलापरिब हे पार्प रोखणारं औषध घातलेल्या कॅटॅलिटिक डोमेनचा वितळणबिंदू ठळकपणे वर सरकतो. तुमचं संयुग पूर्ण लांबीच्या प्रथिनाला रोखतं पण या तुकड्याचा वितळणबिंदू तसूभरही हलवत नाही, तर ते एनएडीच्या खोबणीत बसत नसावं असा पहिला संशय घ्या.

ई. कोलाय की कीटकपेशी, यावर लोक उगाच हट्टाने भांडतात. इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम रोखणारी संयुगं, तपासण्यासाठी दोन्ही चालतात, फक्त दोघांचे दोष वेगळे. आपण वापरतो त्या ई. कोलायमध्ये स्वतःचं पार्प नाही, त्यामुळे प्रथिन कोरं मिळतं, साखळ्या न चढलेलं. पण माध्यमात झिंक घालावं लागतं, नाही तर फिंगर अर्धवट घडतात. अर्धवट तुकडेही जास्त येतात. शिवाय पार्प जिवाणूला फारसं मानवत नाही, म्हणून कित्येक प्रयोगशाळा वाढीच्या माध्यमातच बेंझामाइड हा हलका इन्हिबिटर घालतात. तो शुद्धीकरणात पूर्ण निघाला का, हे विक्रेत्याला विचारायला लाजू नका. कीटकपेशींमध्ये पूर्ण लांबीचं उत्पादन चांगलं येतं, पण तिथे प्रथिनावर आधीच साखळ्या किंवा इतर बदल चढलेले असू शकतात. माझा कल ई. कोलायकडे आहे, कारण कोऱ्या प्रथिनाचा हिशेब ठेवायला सोपा.

टॅग, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रथिनाला जोडलेली शेपटी, शक्यतो हिस्टिडिनचा, लहानसा. जीएसटी हा मोठा प्रथिनाचा टॅग टाळा. तो स्वतः जोडीने राहतो, म्हणजे तुमच्या पार्पचीही बळजबरीने जोडी लावतो, आणि डीएनएशी बांधणी मोजताना ते आकडे निस्तरत बसावं लागतं.

आणखी एक गोष्ट डेटाशीटवर बघा: ७६२ व्या जागी व्हॅलिन आहे की ॲलनिन. दोन्ही माणसांत नैसर्गिकपणे आढळतात, पण ॲलनिनवाल्याची ॲक्टिव्हिटी कमी असते. एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाताना हा फरक नकळत आत येतो. शंभर टक्के सारख्या वाटणाऱ्या दोन बाटल्यांत एका अमिनो आम्लाचा फरक असू शकतो.

नवीन लॉट आला की

संयुगांना हात लावायच्या आधी दोन दिवस एन्झाइमला द्या. हे दिवस वाया जात नाहीत.

पहिलं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. २६० आणि २८० चं गुणोत्तर घ्या. स्वच्छ प्रथिनाचं ०.६ च्या आसपास येतं. १ च्या वर गेलं तर नळीत न्यूक्लिक आम्ल आहे. पार्पला डीएनए धरून ठेवायची इतकी सवय आहे की तो जिवाणूचा डीएनएही घेऊन कॉलममधून बाहेर येतो. तो काढायला निकेल कॉलमवर १ मोलर मिठाचं धुणं आणि त्यानंतर हेपॅरिन कॉलम लागतो, आणि घाईत बनवलेल्या लॉटमध्ये नेमकी हीच पायरी आखडती घेतलेली असते. खात्री करायची तर वेलमध्ये डीएनए न घालता रिॲक्शन लावा. बिनडीएनएच्या वेलला भरघोस सिग्नल आला तर बाहेरून घातलेल्या डीएनएवर तुमचा ताबाच नाही.

दुसरं, जेल. ही माझी सर्वांत आवडती चाचणी, कारण तिला प्लेट रीडर लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही. १ मायक्रोमोलर पार्प, १ मायक्रोमोलर तुटक्या टोकांचा लहान दुहेरी डीएनए, ५०० मायक्रोमोलर एनएडी. शून्य, १, ५, १५ आणि ३० मिनिटांना थोडा थोडा भाग काढून थेट सॅम्पल बफरमध्ये टाकायचा, म्हणजे रिॲक्शन तिथेच थांबते. ७.५ टक्क्यांच्या जेलवर चालवा. शून्य मिनिटाला ११६ किलोडाल्टनच्या मार्करजवळ एक घट्ट, स्वच्छ पट्टा दिसला पाहिजे. मिनिटभरातच त्याची वरची कड धूसर होते, पाच मिनिटांत पट्ट्याचा धुरकट फराटा होऊन तो वेलच्या तोंडापर्यंत चढतो आणि मूळ जागी फिकट सावली उरते. ओलापरिब घातलेल्या लेनमध्ये पट्टा तीस मिनिटांनीही जागचा हलत नाही. आता नीट बघा: फराटा वर गेल्यावरही मूळ जागी ठसठशीत पट्टा उरतो का? उरला, तर तेवढं प्रथिन मेलेलं आहे. आणि ८९ आणि २४ किलोडाल्टनला दोन पट्टे दिसले तर ते २१४ व्या अमिनो आम्लाशी झालेलं तुटणं आहे. पेशी मरताना कॅस्पेस-३ हा प्रथिनं कापणारा एन्झाइम नेमका तिथेच कापतो. कीटकपेशी मरणाला टेकल्यावर काढलेल्या लॉटमध्ये हे दिसलं तर मला नवल वाटणार नाही.

तिसरं, जिवंत एन्झाइम मोजणं. बाटलीवर ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिलेलं असतं, ते सगळ्या प्रथिनाचं वजन. त्यातलं काम करणारं किती, ते कुणी सांगत नाही. ‘युनिट’वरही विसंबू नका, प्रत्येक विक्रेत्याची युनिटची व्याख्या आपापली असते. त्यापेक्षा हे करा: हिशेबाने २०० नॅनोमोलर पार्प घ्या, डीएनए भरपूर ठेवा, ओलापरिब शून्यापासून ४०० नॅनोमोलरपर्यंत चढत्या मात्रांत घाला, अर्धा तास बसू द्या आणि मग एनएडी घालून सुरुवातीचा वेग मोजा. ओलापरिब पार्पला इतकं घट्ट धरतं की इथे प्रत्येक रेणू एकेका एन्झाइमला बाद करतो. वेग सरळ रेषेत खाली येतो आणि ती रेषा जिथे शून्याला टेकते ती तुमच्या जिवंत एन्झाइमची मात्रा. १२० ला टेकली तर साठ टक्के जिवंत. दोन लॉटमधला फरक इथेच उघडा पडतो.

आकडे का हलतात

५० मायक्रोलिटरच्या वेलमध्ये १०० नॅनोग्रॅम पूर्ण लांबीचं पार्प-१ म्हणजे जवळपास १८ नॅनोमोलर. एखादा इन्हिबिटर कितीही घट्ट बसणारा असो, अर्धं एन्झाइम बाद करायला निदान अर्ध्या एन्झाइमइतके रेणू लागणारच. म्हणजे या वेलमध्ये, सगळं प्रथिन जिवंत धरलं तर, ९ नॅनोमोलरच्या खालचा आयसी-५० येऊच शकत नाही. ओलापरिबचा ५ नॅनोमोलरच्या आसपासचा आकडा छापलेला आहे, आमचा तसा येत नाही, अशी तक्रार करणाऱ्या दहांतल्या बहुतेकांच्या वेलमध्ये एन्झाइमच जास्त असतं. आणि दोन लॉटमध्ये जिवंत भाग वेगळा असेल तर त्याच नॅनोग्रॅमला ही मर्यादाही वेगळी होते.

तुमची संयुगं मात्र मायक्रोमोलरमध्ये काम करणारी आहेत. तिथे हा मुद्दा गौण, तिथे एनएडी बोलतो. एनएडीच्याच जागेसाठी भांडणाऱ्या संयुगाचा आयसी-५० एनएडी वाढवला की वाढतो. एनएडीचा केएम, म्हणजे ज्या मात्रेला एन्झाइम निम्म्या वेगाने चालतं ती मात्रा, ५० मायक्रोमोलर धरा. १० मायक्रोमोलर एनएडीला आयसी-५० खऱ्या बंधनांकाच्या (संयुग किती घट्ट बसतं ते सांगणाऱ्या आकड्याच्या) १.२ पट येईल, ५०० ला ११ पट. संयुग तेच, एन्झाइम तेच, आकड्यात नऊपट फरक. पेशीच्या केंद्रकात एनएडी साधारण १०० मायक्रोमोलरच्या घरात असतं, म्हणून मी त्याच्या जवळपास राहणं पसंत करतो. आणि शोधनिबंधात एनएडीची मात्रा न देता आयसी-५० दिला असेल तर त्या आकड्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

एनएडी ताजं आहे का, हा त्याच्याहून कळीचा प्रश्न. ते पाण्यात हळूहळू फुटतं, अल्कधर्मी बफरमध्ये तर भराभर. फुटल्यावर जे निकोटिनामाइड सुटतं ते स्वतःच पार्पचं इन्हिबिटर आहे. म्हणजे जुनं एनएडी दुहेरी नुकसान करतं: इंधन कमी आणि ब्रेक जास्त. महिन्याभरात ॲक्टिव्हिटी उतरली असं तुम्ही लिहिलंय, तर एन्झाइमवर आळ घेण्याआधी एनएडी तपासा. २६० ला शोषण बघून हे कळत नाही, फुटलेल्या तुकड्यांचंही शोषण तिथेच येतं. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज, भरपूर इथेनॉल आणि अल्कधर्मी बफर घेऊन सगळं एनएडी त्याच्या रिड्यूस्ड रूपात बदला आणि ३४० ला मोजा. ०.१ मिलिमोलर अख्खं एनएडी असेल तर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये ०.६२ वाढ दिसायला हवी. ०.४ आली तर एक तृतीयांशाहून अधिक एनएडी गेलेलं आहे.

एन्झाइमची निगा राखायचे नियम तुम्हाला माहीत असतील, तरी धावतं सांगतो. आल्या दिवशी पाच-दहा मायक्रोलिटरचे ॲलिकॉट (छोटे वाटे) करा, द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवा, उणे ८० ला ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये नको, तिथे तापमान रोज वरखाली होतं. बर्फावर वितळवा, व्हॉर्टेक्स करू नका, वापरण्यापूर्वी ४ अंशांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज फिरवून वरचं घ्या. उरलेला ॲलिकॉट पुन्हा गोठवू नका. नॅनोमोलरमध्ये पातळ केलेलं पार्प प्लास्टिकच्या भिंतीला चिकटतं, म्हणून पातळ करायच्या बफरमध्ये ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए (भिंतीला आधी चिकटणारं स्वस्त प्रथिन) ठेवा आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवा. मीठ १०० मिलिमोलरच्या आसपास, फार वाढवलं तर डीएनएची पकड सुटते. संयुगं विरघळवणारं डीएमएसओ सगळ्या वेलांत सारखं, एक टक्क्याच्या आत.

डीएनएबद्दल एक सल्ला. डीएनेज-१ ने फोडलेला वासराच्या थायमसचा डीएनए स्वस्त पडतो आणि काम करतो, पण प्रत्येक बॅचमध्ये तुटलेली टोकं किती ते ठाऊक नसतं. शक्य असेल तर ठरलेल्या क्रमाचा लहान दुहेरी डीएनए किंवा एकच खाच असलेला डंबेल (दोन्ही टोकं वळवून बंद केलेला डीएनए) बनवून घ्या. मग मोलमध्ये बोलता येतं. अखंड वर्तुळाकार प्लास्मिड मात्र घेऊ नका, त्यात पार्पला धरायला टोकच नसतं.

आणखी एक: रिॲक्शन थोडाच वेळ सरळ रेषेत चालते. पार्प स्वतःवर साखळ्या चढवून डीएनए सोडतं, निकोटिनामाइड साठत जातं, वेग पडतो. किटमध्ये लिहिलंय म्हणून एक तास थांबलात तर शेवटी प्लेटच्या तळाला लावलेले हिस्टोन (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) साखळ्यांनी भरून गेलेले असतात आणि मध्यम ताकदीचा इन्हिबिटर निकामी दिसतो. आधी वेळेचा आलेख काढा आणि सरळ भागातच थांबा.

वनस्पतीजन्य संयुगांचे सापळे

इथे जरा थांबतो, कारण खरा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.

तुमची प्लेट बहुधा अशी आहे: तळाला हिस्टोन, त्यावर पार्प, डीएनए आणि बायोटिन लावलेलं एनएडी. मग धुणं, मग स्ट्रेप्टॅव्हिडिनला (बायोटिन घट्ट धरणारं प्रथिन) जोडलेलं पेरॉक्सिडेज हे एन्झाइम, शेवटी त्याने टीएमबीला आणलेला रंग ४५० नॅनोमीटरला. क्वेर्सेटिन, कुरक्यूमिन, गॅलिक आम्लाचे नातेवाईक हे सगळे फिनॉलवाले. फिनॉल पेरॉक्सिडेजशी स्वतःच भिडतात, पेरॉक्साइड खातात, टीएमबीचा रंग मागे फिरवतात. कुरक्यूमिन तर स्वतः पिवळं, ४२५ च्या आसपास शोषणारं. धुतल्यावर बहुतेक निघून जातं हे खरं, पण कुरक्यूमिनसारखी चिकट संयुगं हिस्टोनवर आणि प्लास्टिकवर बसून राहतात. तपासायला सोपं आहे: संयुगाशिवाय रिॲक्शन पूर्ण करा, थांबवा, आणि त्यानंतर संयुग घालून तेवढाच वेळ ठेवून पुढचं धुणं आणि रंग नेहमीसारखा करा. पार्पचं काम संपल्यावर घातलेल्या संयुगानेही सिग्नल पडला तर तो पार्पचा इन्हिबिटर नाही, तुमच्या रंगाचा आहे.

मग गोळे करणारी संयुगं. दहावीस मायक्रोमोलरला पाण्यात न विरघळता त्यांचे सूक्ष्म गोळे होतात आणि प्रथिन त्यावर चिकटून बसतं. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर तो गोळ्यांचा होता. आलेख वाजवीपेक्षा उभा असेल तरीही हाच संशय घ्या.

डीएनएत घुसणाऱ्यांची जात वेगळी. बर्बेरिन घ्या, डॉक्सोरुबिसिन घ्या. पार्पच्या खोबणीशी त्यांचं देणंघेणं असो वा नसो, ते डीएनएच बिघडवतात. डीएनए दहापट वाढवा. आयसी-५० सोबत वर सरकला तर संयुग डीएनएला चिकटतंय. एनएडी वाढवल्यावर सरकला तर खोबणीसाठी भांडतंय. दोन्हींनी हलला नाही तर प्रकरण वेगळं, पण दर वेळी ती मोठी बातमी असतेच असं नाही: थायॉलशी, म्हणजे गंधकाच्या गटाशी, अभिक्रिया करणारी संयुगं झिंक फिंगरच्या सिस्टिनवर जाऊन बसतात आणि असाच निकाल देतात. आर्सेनाइट तर तिथलं झिंकच हुसकावून लावतं.

या सगळ्यातून तरलेल्या संयुगाला दुसऱ्या पद्धतीने मोजा, जिच्यात पेरॉक्सिडेज नाही. वर सांगितलेलं जेल त्यासाठी पुरेसं आहे. दोन पद्धतींत आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, बायोटिन लावलेलं एनएडी पार्पला तितकंसं आवडत नाही. पण संयुगांचा क्रम जुळला पाहिजे. क्रमच उलटला तर पहिल्या पद्धतीकडे परत जा.

नळी आणि केंद्रक

आता पेशींकडे. नळीतलं पार्प एकटं असतं, केंद्रकातलं नसतं. २०१६ मध्ये एचपीएफ-१ नावाचं सोबती प्रथिन सापडलं. ते पार्पच्या खोबणीला स्वतःचं एक ग्लुटामेट जोडून ती पूर्ण करतं आणि मग एडीपी-रायबोज सेरिनवर चढतं. त्याच्याशिवाय, म्हणजे तुमच्या नळीत, ते मुख्यतः ग्लुटामेट आणि ॲस्पार्टेटवर जातं. पेशीत एचपीएफ-१ पार्पच्या साधारण विसाव्या हिश्शाइतकंच असतं तरी पुरतं. पहिल्या गाळणीसाठी ते घालायची गरज नाही. शेवटच्या दोन-तीन संयुगांवर एकदा घालून बघा, एवढंच.

दुसरं, औषध म्हणून पार्प इन्हिबिटर पेशी मारतो ते नुसतं काम थांबवून नव्हे. २००५ मध्ये दोन गटांनी दाखवलं की बीआरसीए हे डीएनए दुरुस्तीचे जीन बिघडलेल्या पेशी पार्प रोखल्यावर मरतात. २०१४ च्या अखेरीस ओलापरिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, स्पष्ट झालं की हे इन्हिबिटर पार्पला डीएनएवर अडकवून ठेवतात आणि अडकलेलं पार्पच डीएनएची प्रत काढणाऱ्या यंत्रणेच्या आड येतं. एन्झाइम रोखण्यात व्हेलिपरिब आणि टॅलाझोपरिब हे दोन्ही इन्हिबिटर चांगले, पण अडकवण्यात व्हेलिपरिब कमजोर आणि टॅलाझोपरिब सर्वांत जबर, आणि पेशींवरचा परिणाम त्याच क्रमाने. म्हणून तुमच्या संयुगाचा आयसी-५० उत्तम आला तरी पेशी मरतीलच असं नाही. नळीत याचा अंदाज घ्यायचा तर चमकणारं रंगद्रव्य लावलेला खाचेचा डीएनए आणि फ्लुओरेसन्स पोलरायझेशन (डीएनएला मोठं प्रथिन चिकटलंय का ते सांगणारं मोजमाप) वापरा: एनएडी घातल्यावर पार्प डीएनए सोडतं आणि पोलरायझेशन पडतं, इन्हिबिटर असेल तर ते वरच राहतं.

पेशींमध्ये आधी संयुग आत जाऊन पार्पपर्यंत पोचतं का तेवढंच बघा. हायड्रोजन पेरॉक्साइडने दहा मिनिटं डीएनए तोडायचा आणि साखळ्यांचं प्रमाण अँटिबॉडीने बघायचं, संयुगासह आणि संयुगाशिवाय. इथेही फिनॉल दगा देतात, कारण ते पेरॉक्साइडच शोषून घेतात आणि डीएनए तुटतच नाही. त्यामुळे पेरॉक्साइड घालण्याआधी संयुग धुऊन काढलेली एक जोडी ठेवा, किंवा डीएनए तोडायला मिथाइल मिथेनसल्फोनेट वापरा. त्यानंतर मारक परिणाम बघायला बीआरसीए-२ असलेल्या आणि काढलेल्या डीएलडी-१ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची जोडी घ्या. दोन्ही सारख्याच मेल्या तर संयुग नुसतं विषारी आहे. आणि फक्त बिघडलेल्याच मेल्या तर ज्या पेशींत पार्प-१ चा जीनच काढून टाकलाय त्यांवरही तेच संयुग, तेवढ्याच मात्रेत घाला. त्यांत अडकवायला पार्प-१ नाही, तरीही त्या मरत असतील तर संयुगाचं लक्ष्य दुसरंच काहीतरी आहे आणि शोध नव्याने सुरू करावा लागेल.